उत्तर नाही म्हणून

आमच्याकडे नवीन लागलेल्या पोरांचं डेटाबेसशी कनेक्शन जुळलं नाही की पहिला निकाल ठरलेला: "मॅडम, सर्व्हर मेला." कशावरून? "पिंगला उत्तर नाही." पुण्यात डेटाबेस सांभाळण्याची माझी नोकरी, आणि त्यातला बराचसा वेळ या एका अनुमानाशी भांडण्यात जातो.

पिंग आयसीएमपीवर चालतं. पुष्कळ फायरवॉल ते अडवतात आणि मागे डेटाबेस ठणठणीत चालू असतो. म्हणून थेट आमच्या डेटाबेसच्या, म्हणजे पोस्टग्रेसच्या, ५४३२ पोर्टवर जायचं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं तडकाफडकी आलं तर बरंच. कुणीतरी नकार दिला, म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे. बहुधा मशीन जिवंत असतं आणि त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नसतं. टाइमआउट मात्र काहीच सांगत नाही. मशीन बंद, रस्ता चुकलेला, फायरवॉलने पॅकेट गिळलेलं, यांपैकी काहीही असू शकतं.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. न दिसण्यावरून नसणं कळतं, असं मीमांसक कुमारिल भट्ट म्हणाले आणि या न दिसण्याला, म्हणजे अनुपलब्धीला, स्वतंत्र प्रमाणाचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनाचा, मान दिला. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांनी तो मान नाकारला. अभावही प्रत्यक्षानेच कळतो, असं त्यांचं म्हणणं. पण एका अटीवर दोघांचंही एकमत: ती वस्तू दिसण्याजोगी हवी. जमिनीवर घडा नाही हे कळतं, कारण उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, घडा असता तर दिसलाच असता. पिशाच दिसत नाही एवढ्यावरून काहीच ठरत नाही. न दिसणं म्हणजे नसणं मानणाऱ्या चार्वाकाला उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त खिंडीत गाठलं: मग घराबाहेर पडताच बायकामुलं गेली म्हणून रडत बसायला हवं!

उदयनांना त्यातून ईश्वराकडे जायचं होतं. मी तिथवर जात नाही. सर्व्हरच्या बाबतीत मी त्याच मशीनवर लॉगिन करते, 'एसएस' कमांड चालवते आणि पाहते, की पोस्टग्रेस फक्त १२७.०.०.१ वर ऐकतोय, म्हणजे बाहेरचं कुणीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अडथळा नावानिशी सापडतो. देवाच्या बाबतीत पलीकडे जाऊन तपासायची सोय नाही. तेव्हा "असता तर ओ दिली असती" म्हणणाऱ्याने तो ओ देण्याजोगा आहे हे आधी दाखवावं. "आहे, पण आपलंच कुठेतरी अडतंय" म्हणणाऱ्याने नेमकं कुठे अडतंय ते सांगावं. दर वेळी नवा अडथळा कल्पून चालणार नाही.

तोवर दोघांपैकी कुणीही 'सिद्ध झालं' म्हणू नये. आणि पोरांनो, सर्व्हर मेला म्हणण्याआधी कुठपर्यंत पोहोचलात तेवढं सांगा.