डबक्यातून

चांगीच्या धक्क्यावर होड्यांना वेळापत्रक नसतं. बारा उतारू जमले की होडी सुटते, नाहीतर रिकाम्या जागांचे पैसे आपण भरायचे आणि निघायचं. त्या शनिवारी सकाळी आम्ही तिघं धरून दहाच जण होतो. रात्री पाऊस पडून गेला होता. माझी तेरा वर्षांची ओवी नवेकोरे पांढरे बूट घालून चुळबुळत उभी होती.

"बाबा, दोघांचे पैसे आपण भरून टाकू ना."

ओवीचे आबा बाकावर निवांत बसले होते. पुण्याहून येऊन त्यांना आठवडा झाला होता. "येतील की दोघं," ते म्हणाले. थोड्या वेळाने भाजीच्या पिशव्या घेऊन एक म्हातारं जोडपं आलं, बेटावरच्या आपल्या घरी परतणारं, आणि इंजिन धडधडू लागलं.

पुलाव उबिन हे सिंगापूरच्या ईशान्येचं जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं बेट. होडीने दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण उतरलं की मुख्य शहरातल्या उंच इमारती कुठल्या कुठे जातात. पत्र्याच्या छपरांची घरं, नारळ, ड्युरियनची झाडं, जनरेटरची घरघर आणि धक्क्याजवळच रांगेने लावलेल्या भाड्याच्या सायकली. पुलाव म्हणजे मलय भाषेत बेट, आणि उबिन हे नाव इथल्या ग्रॅनाइटमुळे पडलेलं. पेद्रा ब्रांका नावाच्या खडकावर १८५१ साली जे हॉर्सबर्ग दीपगृह पेटलं, त्याचा दगड इथूनच गेला. पुढे दीडशे वर्षं हे बेट फोडून सिंगापूर बांधलं गेलं. खाणी बंद झाल्या, खड्ड्यांत पाणी भरलं, कड्यांवर झाडी आली, बगळे आले. त्यातल्याच केटाम नावाच्या खाणीभोवती २००८ साली डोंगरी सायकलींसाठी वाट आखली. सुमारे ४५ हेक्टरांतली दहा किलोमीटरची वाट. केटाम म्हणजे खेकडा. वाटेवर जागोजागी पाट्या आहेत: निळा चौकोन म्हणजे बेताची अवघड, काळा चौकट म्हणजे अवघड, आणि दोन काळे चौकट दिसले की आधी थांबून विचार करायचा.

आबांचं वय ७१. कासारवाडी ते पिंपरी अशी तीस वर्षं सायकलवर नोकरी केलेला माणूस. दुकानातली सायकल त्यांनी अशी तपासली की दुकानदार आपणहून बाजूला झाला. ब्रेक दाबून पाहिले, साखळीचा ताण बोटाने पाहिला, चाक उचलून फिरवलं. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मला जमेल तिथे चालवीन, नाही तिथे हातात धरीन."

वाळूमिश्रित जमीन एव्हाना निथळली होती, पाणी उरलं होतं ते सखल जागी. पहिलं मोठं डबकं लागलं ते झाडीतल्या एका वळणावर. आडवं पसरलेलं, लाल, गढूळ. ओवीने ब्रेक दाबला, बुटांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"कडेने काढ," मी म्हणालो. "बूट खराब होतील."

तिने कडेच्या गवतावरून सायकल काढली. तिच्यामागून मीही.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. मला हे ठाऊक होतं. सात-आठ वर्षं मी या वाटांवर येतो आहे. अशी वाट आखणारे आधी पाण्याचा विचार करतात. वाटेला उताराच्या बाजूने किंचित कल ठेवतात, म्हणजे पाणी न रेंगाळता आडवं निघून जातं. चाकांनी मधोमध खोबण पडली की पाणी तिथे साचतं. साचलं की माणसं कडेने जातात. कडेच्या माती धरून ठेवणाऱ्या मुळ्या तुटतात आणि पुढच्या पावसात डबकं तिथवर येतं. मग मागचे त्याच्याही कडेने जातात. म्हणून या खेळातला जुना दंडक असा, की डबकं आलं तर मधून जायचं, चालवत जाववत नसेल तर उतरून मधूनच चालायचं. आणि वाट फारच भिजली असेल तर त्या दिवशी तिच्यावर पाऊलच ठेवायचं नाही. मी हे नव्या मुलांना मोठ्या तोंडाने सांगत आलो होतो. मुलीच्या बुटांपाशी येऊन सगळं विसरलो.

पुढे चढ होता. चढून वर थांबलो, तेव्हा ओवीने मागे पाहिलं. आठ-नऊ जणांचा एक जथा डबक्यापाशी पोचला होता. पुढचा क्षणभर थबकला, त्याला गवतात आमच्या चाकांची ताजी रेघ दिसली, आणि तो त्या रेघेवरून गेला. मग दुसरा, मग तिसरा. शेवटचा गेला तोवर तिथे गवत उरलं नव्हतं. वरून आणखी एक गोष्ट दिसत होती, जी खालून दिसली नव्हती. मूळ वाट हातभर रुंद होती, आणि त्या वळणावर ती आमच्या घराच्या बैठकीएवढी झाली होती. एक कोवळं झाड तिच्या काठावर मुळं उघडी टाकून कललं होतं.

ओवी काही बोलली नाही. मीही नाही.

सगळ्यांत मागून आबा आले. डबक्यापाशी उतरले, पँट दोनदा दुमडली आणि सायकल हातात धरून सरळ मधून चालत आले. पाणी घोट्याच्या वर आलं. त्यांना ना दंडक ठाऊक, ना वाट आखण्याचं शास्त्र.

खाणीच्या काठावर बसून आम्ही डबे उघडले. खाली हिरवं निश्चल पाणी, पलीकडे झाडीच्या फटीतून जोहोरची सामुद्रधुनी, तिच्यावर तरंगणारी मत्स्यशेतीची लाकडी वाफे-वाफे असलेली घरं आणि त्यापलीकडे मलेशियाचा किनारा. मी आबांना बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या चेक जावाची हकिकत सांगू लागलो. तिथे भर घालून किनारा बुजवायचं ठरलं होतं. लोकांना कळलं की ओहोटीला तिथे तारामासे, समुद्रगवत, नाना जीव उघडे पडतात. लोक बोलले, अभ्यासकांनी नोंदी केल्या, आणि २००१ च्या डिसेंबरात सरकारने भर घालणं लांबणीवर टाकलं. पण वाचलेला किनारा पाहायला माणसं लोटली, आणि त्यांच्याच पायांखाली तो तुडवला जाऊ लागला. शेवटी पाण्यावरून किलोमीटरभराहून लांब उंचावलेला मार्ग बांधावा लागला, तो २००७ साली खुला झाला.

"म्हणजे पाय उचलून वर ठेवावे लागले," आबा म्हणाले.

ओवीने विचारलं, "आबा, तुम्ही पाण्यातून का आलात? कडेने वाट होती की."

आबांनी चपातीचा तुकडा मोडला. "आमची शाळा खाडीपलीकडे होती, गुहागरकडे. वाट भाताच्या मेरेवरून. श्रावणात मेर म्हणजे नुसता राडा. मग आम्ही पोरं चालायचो खाचरातून, भाताच्या कडेने. पहिल्या वर्षी एक ओळ तुडवली गेली. दुसऱ्या वर्षी तिथेही राडा झाला, म्हणून आणखी आतून. ज्याचं शेत होतं त्याने करवंदीची काटं टाकली, तर आम्ही काटांच्याही आतून. गरीब माणूस. त्याचं अख्खं खाचर ते केवढं, त्यातलं दोन हात आम्ही खाल्लं."

"मग?"

"मग एक दिवस आई आली बरोबर, मास्तरांना भेटायला. तिने पाहिलं. मला वाटलं, मारते आता. तिने लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि मेरेवरच्या राड्यातून चालत गेली. पलीकडे पोचून म्हणाली, तांब्याभर पाण्याने पाय निघतो रे. एवढंच. शाळेच्या विहिरीवर पाय धुतले आणि मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली."

"आणि तुम्ही?"

"आई गेल्यावर कडेने कसा जाणार?"

वारा पडला होता. खाणीच्या पाण्यावर एक धनेश संथ पंख मारत पलीकडच्या कड्याकडे गेला. हा पक्षीसुद्धा सिंगापुरातून नाहीसाच झाला होता. १९९४ च्या सुमारास तो या बेटावर पुन्हा दिसला आणि इथूनच पसरला. ओवी त्याच्याकडे पाहत होती की स्वतःच्या बुटांकडे, मला सांगता येणार नाही.

"बाबा, अजून एक फेरी मारू या?"

दुपारी वाटेवर गर्दी झाली होती. आमच्यामागे लहान मुलांना घेऊन आलेलं एक कुटुंब होतं, त्यांच्यामागे आणखी काही जण. तेच वळण, तेच डबकं. गवतातली सकाळची रेघ आता पायवाट झाली होती आणि तिच्यात तळव्याएवढं पाणी साचू लागलं होतं. ओवी माझ्या पुढे होती. तिने ब्रेक दाबला आणि सवयीने मागे, माझ्याकडे पाहिलं. तिच्या मागे मी, माझ्या मागे ती लहान मुलं, त्यांचंही लक्ष पुढेच.

मी तिच्या बाजूने पुढे झालो. हॅण्डल सरळ धरलं आणि पेडल न थांबवता सायकल पाण्यात घातली. तळ कठीण होता, खाली ग्रॅनाइटचा चुरा असावा. मोजे भिजले, गुडघ्यापर्यंत लाल शिंतोडे उडाले. पलीकडे निघून मी थांबलो नाही, वळूनही पाहिलं नाही. कान मात्र मागे होते.

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पाणी फाटल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागून लगेच दुसरा, एका लहान चाकाचा.