विस्मृतीचा भार कोणाचा?

वृद्ध मनुष्य घरच्यांना ओळखेनासा झाला, जेवून उठताच पुन्हा जेवण मागू लागला, म्हणजे त्याला म्हातारचळ लागला असे म्हणण्याची जुनी रीत आहे. या शब्दात व्याधीपेक्षा उपहास अधिक आहे, आणि उपहास झाला की कर्तव्याचा विचार मागे पडतो. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका मृत स्त्रीच्या मेंदूतील विकृती विद्वानांपुढे मांडली. ती स्त्री अवघी पंचावन्न वर्षांची होती. ही अवस्था वार्धक्याचा धर्म नसून रोग आहे, हे तेथून पुढे हळूहळू उमगत गेले.

रोग म्हटला की सेवा आली. ती कोणी करावी? लोकरीती म्हणते, पुत्राने. वस्तुतः ती बहुधा सून करते.

या दृष्टीने जपानातील ओबू येथील प्रकरण मननीय आहे. डिसेंबर २००७ मध्ये स्मृतिभ्रंश झालेला एक्याण्णव वर्षांचा वृद्ध घराबाहेर पडला व रेल्वेगाडीखाली सापडून मरण पावला. त्याची पंच्याऐंशी वर्षांची पत्नी स्वतःच परावलंबी होती. तिचा क्षणभर डोळा लागला होता. सून सेवेसाठी दूरच्या शहरातून येऊन राहिली होती. रेल्वे कंपनीने कुटुंबाकडे सुमारे ७२ लक्ष येन भरपाई मागितली. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने पत्नी व थोरला मुलगा या दोघांना जबाबदार धरले. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने मुलास वगळले, पत्नीवर निम्मा भार ठेवला. अखेर १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले.

कुटुंब सुटले, परंतु नुकसान कोणी तरी सोसावयाचेच होते. याचे उत्तर कोबे नगराने दिले. २०१९ पासून तेथील करदाता नागरिक वर्षाला चारशे येन अधिक कर देतो, आणि त्यातून रोगनिदानाचा व अशा अपघातांच्या भरपाईचा खर्च चालतो. रक्कम क्षुल्लक आहे. पण ज्याच्या घरी असा रुग्ण नाही तोही ती देतो, हे महत्त्वाचे.

समाजाने भार उचलल्यास पुत्र कृतघ्न होतील, असा आक्षेप काही सज्जन घेतात. तो अगदीच उपेक्षणीय नाही. तथापि रात्रीमागून रात्री जागून काढणे हीच कृतज्ञतेची कसोटी मानावयाची काय? वर्षानुवर्षे झोप न मिळालेला हात कठोर होतो, आणि मग ज्याची सेवा करावयाची त्याच्यावरच तो उगारला जातो. असा प्रसंग टाळणे हे पुत्रधर्माचे रक्षणच होय.

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लक्ष लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ओबूची घटना घडली त्याच वर्षी येथे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचे नाव नाही. निर्वाह कोणी द्यावा हे कायदा सांगतो. उशाशी बसणाऱ्याला विसावा कोणी द्यावा, हे त्यात नाही.

स्मरण हाच ज्यांचा नित्यविधी, त्यांना येथे आणखी एक शंका छळते. नामच विसरलेल्या वृद्ध साधकाचे काय? जीव हा नित्य पदार्थ आहे. मेंदू देहाचा, आणि देह प्रपंचाचा. देहाचे एक साधन मोडले म्हणून जीवाची योग्यता ठरविण्याचा अधिकार शेजाऱ्यास प्राप्त होत नाही. लीळाचरित्राचीच गोष्ट घ्यावी. आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. एकाचे हरपले ते इतरांनी धरून ठेवले.

संन्याशाला पुत्र नाही, सूनही नाही. विस्मरण झालेल्या महात्म्याला स्नान घालणे, भरविणे, रात्री दाराशी निजणे हे आश्रमानेच करावयाचे असते, आणि त्यासाठी त्याचा कुळगोत्रसंबंध कोणी विचारीत नाही. गावातील उपदेशी मंडळींनीही अशीच पाळी लावावयास हरकत नसावी. आठवड्यातून एक दुपार शेजारच्या घरी त्या वृद्धाजवळ बसावे, तो दहा वेळा विचारील ते दहा वेळा सांगावे. तेवढ्या अवधीत घरच्या सुनेला झोप मिळते.