मोरया, पण कुणाचा?

पेण-हमरापूरच्या कारखान्यांत घडलेला गणपती मंडपात गेला की त्याची उंची भक्तीचं माप ठरते का?

'ऐका दाजिबा' या गाण्यामुळे घरोघरी पोहोचलेले संगीतकार अवधूत गुप्ते 'झेंडा' या चित्रपटापासून दिग्दर्शनात उतरले आणि २०११मध्ये त्यांनी 'मोरया' केला. त्यात दोन गणेश मंडळांची चुरस आहे. देव एकच, वर्गणी मात्र वेगळी! लोकांना ठेका धरायला लावणाऱ्यानंच त्या ईर्षेवर कॅमेरा रोखावा, हे विशेष.

मूर्तीच्या उंचीनं भक्ती मोजण्याला एक वेगळं उत्तरही आहे. रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी मूर्तिपूजा नाकारली नाही. चित्त एकाग्र करण्याचं शास्त्र म्हणून तिचं समर्थनच केलं. मात्र देव समोरच्या माणसातही वसतो, तेव्हा त्याच्या दारी निरपेक्ष जाणं हीसुद्धा भक्तीच, असं त्यांचा स्वाध्याय परिवार सांगतो. मंडळांना हे जड जाईल. स्वाध्यायाच्याच कार्यावरून श्याम बेनेगल यांनी १९९१मध्ये 'अंतर्नाद' हा चित्रपट केला.