पिंपातला उन्हाळा

व्हिस्कीची बाटली हातात आली की आपला माणूस आधी तिच्यावरचा आकडा शोधतो. 12 दिसला तर समाधान, 18 दिसला तर डोळे मोठे. दिल्लीतल्या मुनिरक्यातही वेगळं काही नाही. इथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर, करनाल जिल्ह्यातल्या इंद्रीला तयार झालेली सिंगल माल्ट समोर ठेवली, तरी पहिला प्रश्न वयाचाच येतो. तिच्या नेहमीच्या बाटलीवर वय छापलेलंच नसतं. मग 'लपवतायत काहीतरी' असा एक कटाक्ष.

लपवत काही नाहीत. वयाचा तो आकडा मुळात स्कॉटलंडच्या हवेतला आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे व्हिस्की ओकच्या पिंपात निदान 3 वर्षं मुरायला हवी, आणि बाटलीवरचं वय हे आत मिसळलेल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं असतं. गोदामं थंड, दमट. दरसाल पिंपातलं साधारण 2 टक्के उडून जातं. याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरजवळ अमृत डिस्टिलरीच्या गोदामात हाच वाटा 10 ते 12 टक्क्यांवर जातो.

आता हिशेब करून पाहा. 200 लिटरचं पिंप स्कॉटलंडात 12 वर्षं ठेवलं तर दीडशेहून थोडे जास्त लिटर हाती लागतील. तेच पिंप वर्षाला 11 टक्के घटीने बंगळूरला ठेवलं तर उरतील पन्नासच्या आसपास. तीन चतुर्थांश माल हवेत. बारा वर्षांची बाटली इथे करता येत नाही असं नाही, पण तिची किंमत विचारायची हिंमत फार थोड्यांची. अमृतने 2013 साली आठ वर्षं मुरलेली व्हिस्की काढली, तिचं नावच 'ग्रीडी एंजल्स'. हावरट देवदूत! मालकाने स्वतःच्याच तोट्यावर केलेला इतका मोकळा विनोद धंद्यात क्वचित दिसतो.

हे मालक म्हणजे बंगळूरचे जगदाळे. आडनाव मराठी कानाला लगेच ओळखीचं. राधाकृष्ण राव जगदाळे यांनी 1948 साली कंपनी काढली. सिंगल माल्ट विकायची तर ती थेट व्हिस्कीच्या माहेरी, हा बेत पुढच्या पिढ्यांचा. नातू रक्षित इंग्लंडात न्यूकॅसलला शिकत होते, तिथल्या त्यांच्या अभ्यासातून तो पुढे आला, आणि 2004 साली नीलकंठ जगदाळे यांनी अमृत ग्लासगोला नेऊन लोकांपुढे ठेवली. पद्धत जुनीच: सातूला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, आंबवायचे, तांब्याच्या भट्टीतून दोनदा काढायचे. मळीच्या स्पिरिटवर रंग-वास चढवून 'व्हिस्की' म्हणून विकायची सवय असलेल्या देशात एवढंही पुष्कळ होतं. आपला सातू सहा ओळींच्या कणसाचा. त्यात प्रथिनं जास्त, स्टार्च कमी, म्हणून टनामागे दारूही कमी निघते. म्हणजे घट पिंपात जायच्या आधीपासूनच सुरू.

पण खरी गोम घटीच्या आकड्यात नाही, काय उडतं त्यात आहे. दिल्लीत राहणाऱ्याला हे कूलरने शिकवलेलं असतं. मे महिन्यात लू वाहत असते तेव्हा कूलर बादल्याच्या बादल्या पाणी पितो आणि खोली गार करतो. ऑगस्टच्या चिकचिकाटात तोच कूलर नुसता घरघरतो, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडायलाच तयार नसतं. पिंपाच्या लाकडातूनही पाणी आणि अल्कोहोल दोन्ही झिरपून उडतात. हवेतला दमटपणा पाण्याला अडवतो, अल्कोहोलला अडवत नाही. म्हणून दमट गोदामात दारू हळूहळू सौम्य होत जाते. कोरड्या, तापलेल्या गोदामात पाणीच आधी पळतं, आणि उरलेली दारू वर्षागणिक कडक होऊ शकते. एकाच वयाची दोन पिंपं, एक थंड धुक्यात ठेवलेलं, एक उन्हात. दोन्हींना 'पाच वर्षांची' म्हणायचं, पण आत घडलेलं सगळं वेगळं.

इथे विक्रेते एक सोयीचं त्रैराशिक मांडतात: भारतातलं एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडातली तीन. ऐकायला छान, पण मला ते पटत नाही. उष्णतेने दारू फुगते, लाकडात खोल शिरते, रात्री गार झाली की परत येते आणि येताना व्हॅनिलासारखा गोडवा, रंग, तुरटपणा घेऊन येते. हे काम इथे भराभर होतं, खरं आहे. पण मुरण्यात दुसरंही एक काम असतं. लाकडातून आत येणाऱ्या हवेशी दारूची हळूहळू रासायनिक देवघेव होते आणि कोवळेपणाची धार जाते. ते काम लाकडाचा रस ओढण्याच्या वेगाने चालत नाही. म्हणून उष्ण प्रदेशात लाकूड पुढे धावतं आणि दारू मागे राहण्याचा धोका असतो. जास्त ठेवावी तर ओकचा कडवटपणा सगळं गिळून टाकतो. इथल्या कारागिराचं कसब वाट पाहण्यात थोडं, आणि नेमकं कधी थांबायचं हे ओळखण्यात फार. अमृतचं तंत्र बसवणारे सुरिंदर कुमार पुढे इंद्रीला गेले. तिथे उन्हाळा 45 अंशांच्या घरात आणि जानेवारीच्या पहाटा कडाक्याच्या. बंगळूरच्या सौम्य हवेवर बसवलेला अंदाज तिथे जसाच्या तसा चालणार नाही, हे उघड आहे.

जगदाळ्यांनी हा प्रश्न एकदा उलट्या बाजूनेही सोडवून पाहिला. काही पिंपं आधी बंगळूरच्या उन्हात मुरवली, मग जहाजाने युरोपातल्या थंड हवेत नेऊन तिथे पुढे मुरवली. 2009 साली त्यांच्या मोजक्या बाटल्या निघाल्या, 'टू काँटिनेंट्स' या नावाने.