बंदोबस्त आणि अभय

कीर्तन आटोपले, बुक्का लावून झाला, की मंडळी पुष्कळदा आम्हांस विचारतात, “महाराज, राज्यात आधी काय हवे? कडक बंदोबस्त की मोकळीक?” प्रश्न राजकारणाचा दिसतो खरा, पण मुळात तो धर्माचाच आहे. म्हणून दोन्ही पक्ष नीट मांडून पाहू.

पहिला पक्ष म्हणतो, आधी रक्षण. आपल्या शास्त्रकारांनी यासाठीच ‘मात्स्यन्याय’ हा शब्द योजला. दंड नसला की मोठा मासा लहान माशाला गिळतो. दाराला कडी घालूनही ज्या गरिबाला झोप येत नाही, त्याला मोकळीक दिली काय नि न दिली काय! तिथे दांडग्यांचीच मोकळीक तेवढी उरते. हा पक्ष खोटा नव्हे.

दुसरा पक्ष म्हणतो, आधी स्वातंत्र्य. कोंडवाड्यातली गाय वाघापासून सुरक्षित असते, म्हणून काय ती सुखी म्हणावी? भिऊन धरलेले मौन म्हणजे शांती नव्हे. हाही पक्ष खोटा नव्हे.

मग सिद्धांत कोणता? आधी शब्दांकडेच पाहा. ‘स्वतंत्र’ या शब्दात ‘तंत्र’ आहेच. ज्याला कसलेच तंत्र नको तो स्वच्छंदी. आपले तंत्र जो आपण सांभाळतो तो स्वतंत्र. आणि रक्षणाचे फळ कोणते? तर अभय. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासूनच सुरू होते. चोराचे भय गेले आणि त्याच्या जागी राखणदाराचे भय येऊन बसले, तर मग भय गेले कुठे? त्याने नुसते बिऱ्हाड बदलले! म्हणून आमचे मत असे, की कोणत्याही बंदोबस्ताची पारख एकाच प्रश्नाने करावी : गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाचे भय याने उणे झाले की दुणे झाले?

चोखोबांची कथा आपण सारेच जाणतो. परंपरा सांगते, मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या कामावर ते होते. ते कूस कोसळले आणि शके १२६० मध्ये, म्हणजे इ. स. १३३८ साली, त्याखाली त्यांचा देह पडला. गावकूस कशासाठी? गावाच्या रक्षणासाठी. पण ते रचणाऱ्याला कुसाच्या आत घर नव्हते, आणि पंढरीच्या देवळात पाऊल टाकण्याची मोकळीकही नव्हती. रक्षण एकाचे, भार दुसऱ्यावर! देवळाचे पावित्र्य राखायचे, हेच कारण पुढेही शतकानुशतके दिले गेले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडले, तेव्हा कुठे हरिजनांना विठोबाचे दार उघडले. दार उघडल्याने विठोबा बाटला का? नाही. मग इतकी वर्षे रक्षण कशाचे चालले होते, हे ज्याचे त्याने मनाला विचारावे.

आता कोणी म्हणेल, “म्हणजे महाराज, बंधनच नको काय?” तसे नव्हे. माउलींच्या पालखीसोहळ्याकडे पाहा. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढे कोण नि मागे कोण हे ठरलेले आहे. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो आणि एवढा अफाट समाज क्षणात निःशब्द होतो. एवढी शिस्त! परंतु ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती आपले टाळ थांबवीत नाही. चोपदार तिला दटावीत नाही; तिच्यापाशी जातो, तक्रार ऐकतो, तोड काढतो, आणि मगच आरती होते. बंदोबस्त आणि मोकळीक यांचा मेळ याहून सोप्या रीतीने कोणी दाखवावा?

याच कसोटीवर राज्यकारभार घासून पाहा. साथीच्या रोगांचा कायदा १८९७ सालचा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोरे सोजीर देवघरांत नि माजघरांत शिरले. गाऱ्हाणे ऐकायला कोणी नव्हते, आणि लोकांना रोगाइतकेच तपासणीचे भय वाटू लागले. तोच कायदा २०२० सालीही लागू झाला. पायी वारी थांबली, पादुका एस. टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. वारकऱ्याला याहून कठीण ते काय? तरीही समाजाने ते सोसले. कारण त्यात दुसऱ्याचा जीव राखायचा होता. २०२२ साली पायी वारी पुन्हा निघाली. मात्र त्याच बंदोबस्तात, काम बुडाले म्हणून मजूर लेकरे खांद्यावर घेऊन शेकडो मैल गावाकडे चालत निघाले, हेही विसरू नये. त्यांचे टाळ वेळेवर कोणी ऐकले नाहीत.

२५ जून १९७५ रोजी देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन आणीबाणी पुकारली गेली. ती २१ मार्च १९७७ पर्यंत चालली. हजारो माणसे चौकशीवाचून तुरुंगात पडली, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. तेव्हा पुष्कळ लोक म्हणत, “गाड्या वेळेवर धावतात, मग बिघडले काय?” बिघडले ते हे, की चोप वर होता आणि टाळ वाजवणारी दिंडीच उचलून नेली होती. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरले, की आणीबाणीतही जीविताचा नि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. ठेच लागल्यावर आलेले हे शहाणपण जपले पाहिजे.

तात्पर्य, बंधन तीन गोष्टींनी धर्म्य ठरते : ते सर्वांना सारखे असावे, कारणापुरते नि मुदतीचे असावे, आणि त्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडणाऱ्याला भय नसावे. तिन्हींतली तिसरी मुख्य. कारण ती असली तर पहिल्या दोन्ही मागून घेता येतात.

तेव्हा वारकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, तुमचा कल कोणत्याही पक्षाकडे असो. कडक राज्य आवडणाऱ्याने विचारावे, याचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो? मोकळीक आवडणाऱ्याने विचारावे, माझ्या मोकळेपणाने दुबळा उघडा तर पडत नाही ना? आणि आपल्या घरात, दिंडीत, गावात सारे चिडीचूप झाले तरी एखादा टाळ वाजतच राहिला, तर रागावू नये. जवळ जावे, ऐकावे. आरतीला थोडा उशीर झाला तर पांडुरंग काही रुसत नाही.

॥ रामकृष्णहरि ॥