ओसिओलाचे प्लेटोवादी वकील

अमेरिकेच्या मिसूरी राज्यात ओसेज नदीच्या काठी ओसिओला हे लहानसे गाव आहे. यादवी युद्धात, सप्टेंबर १८६१ मध्ये, कॅन्ससहून आलेल्या जेम्स लेनच्या फौजेने ते जाळून टाकले. थॉमस मूर जॉन्सन तेव्हा दहा वर्षांचे होते. वडील वाल्डो जॉन्सन सिनेटर होते. दक्षिणेची बाजू घेतल्याने १८६२ च्या जानेवारीत त्यांची सिनेटमधून हकालपट्टी झाली. मुलगा पुढे वकील झाला, सरकारी वकील झाला, गावाचा नगराध्यक्षही झाला. मन मात्र ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अथेन्स आणि अलेक्झांड्रियात रमलेले. पुस्तकांसाठी त्यांनी गावात दगडी घर बांधले.

१८८१ मध्ये जॉन्सन यांनी ‘द प्लॅटोनिस्ट’ हे मासिक काढले. ते मध्ये मध्ये बंद पडत १८८८ पर्यंत चालले. प्लोटिनस, पॉर्फिरी, इयाम्ब्लिकस या नवप्लेटोवाद्यांच्या लेखनाची भाषांतरे त्यात येत. जॉन्सन थिऑसॉफिकल सोसायटीचेही सदस्य होते, त्यामुळे मासिकात गूढविद्येचे लेखही शिरले आणि शुद्ध विद्वत्तेची अपेक्षा ठेवणारा वाचक बिचकला असणार.

जॉन्सन यांच्यापुढचा खरा प्रश्न असा: प्लेटो अभ्यासायचा की आचरायचा? मिसूरीतल्याच सेंट लुईसमध्ये विल्यम हॅरिस यांनी १८६७ मध्ये तत्त्वज्ञानाचे नियतकालिक सुरू केले होते, पण तिथला जोर जर्मन तत्त्वज्ञ हेगेलवर. हेगेलच्या इतिहासात प्लेटो हा वाटेतला एक मुक्काम. जॉन्सन यांच्यासाठी तोच गाव. या बाबतीत त्यांचे गुरू म्हणजे १८०४ मध्ये प्लेटोचे समग्र इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारे थॉमस टेलर.

प्लेटो आचरण्याच्या या परंपरेचा गाभा नवप्लेटोवादी तत्त्वज्ञ प्रोक्लसच्या एका ग्रंथात दिसतो. १९०९ मध्ये जॉन्सन यांनी त्याचे भाषांतर ओसिओलाहूनच प्रसिद्ध केले. ग्रंथात २११ विधाने आहेत. पहिले सांगते की जे अनेक आहे त्यात कुठल्या ना कुठल्या रीतीने एकत्व असतेच. समजा, एखाद्या समूहात एकत्व मुळीच नाही. मग समूह एक नाही, आणि त्यातला प्रत्येक घटकही एक नाही. म्हणजे तो पुन्हा अनेक. त्याचे घटकही तसेच, आणि ही फोड कुठेच थांबत नाही. हे अशक्य, म्हणून एकत्व मानावे लागते. प्रतिपक्षाचे म्हणणे क्षणभर मान्य करून त्यालाच पेचात पकडण्याची ही रीत वकिलाला परकी वाटली नसावी. मराठी वाचकाला इथे अद्वैत आठवेल, पण प्रोक्लसच्या मते अनेकत्व मिथ्या नाही: सगळे ‘एका’तून निघते आणि त्याच्याकडेच परत वळते. हे परतणे हाच प्रोक्लसचा धर्म.

प्लेटोच्या मृत्यूनंतर जवळपास आठ शतकांनी लिहिणाऱ्या प्रोक्लसला प्लेटोचा विश्वासू भाष्यकार मानणे ही जॉन्सन यांची लंगडी बाजू. आजचे अभ्यासक दोघांना वेगळे ठेवतात. मात्र प्रोक्लसच्या याच ग्रंथाची ई. आर. डॉड्स यांची टीपांसह संपादित आवृत्ती १९३३ मध्ये ऑक्सफर्डहून निघाली आणि तो विद्यापीठांत मान्यता पावला. जॉन्सन १९१९ मध्येच वारले होते.