कपाळावर नसलेले केस

आजी भाकरी थापते तेव्हा आमची चार वर्षांची नात परातीला खेटून बसते. परवा तिलाही पिठाचा लहानसा गोळा मिळाला. थापता थापता ती थांबली, उजव्या मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले आणि पुन्हा थापू लागली. खरं तर तिच्या कपाळावर केस नव्हतेच, घट्ट दोन वेण्या होत्या. ती लकब आजीची.

बघून असं उचलणं म्हटलं की मेंदूतल्या एका शोधाचा दाखला दिला जातो. इटलीतल्या पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलाट्टी आणि त्यांचे सहकारी माकडांच्या मेंदूचा अभ्यास करत होते. माकडानं वस्तू उचलली की ज्या पेशी चेतत, त्यांतल्या काही माणसानं वस्तू उचललेली नुसती बघितली तरी चेतत. 1992 साली हे प्रसिद्ध झालं. पुढे या पेशींना 'मिरर न्यूरॉन' हे नाव मिळालं आणि करुणेपासून भाषेपर्यंत सगळ्याचं श्रेय त्यांना दिलं जाऊ लागलं. मला ती घाई वाटते. ज्या माकडांत या पेशी सापडल्या, ती माकडं एकमेकांची हुबेहूब नक्कल क्वचितच करतात.

मला जास्त विचारात पाडतो तो 2005 सालचा हॉर्नर आणि व्हायटन यांचा प्रयोग. पेटीतून खाऊ काढून दाखवताना आधी काठीनं वरच्या भागात उगाच खुडबुड करायची, मग खालून खाऊ काढायचा. पेटी पारदर्शक असली की वरची खुडबुड निरुपयोगी आहे हे चिंपांझींनी ओळखलं आणि ती गाळली. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र सगळं जसंच्या तसं केलं.

यात मुलं कमी पडली असं मला वाटत नाही. ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी का घालायचं, हे नातीला कुठं ठाऊक आहे? ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ गरम पाण्यानं बांधावं लागतं. हे कारण माहीत नसतानाही आयांनी ते लेकींपर्यंत पोचवलं. कारण कळेपर्यंत त्या थांबल्या असत्या तर कुठलीच विद्या पुढच्या हातात गेली नसती. आधी सगळं उचलायचं, निवडायचं नंतर. पण मग भाकरीबरोबर केस सारणंही येतं, आणि बाकीचंही.

त्याच संध्याकाळी ती बाहुलीला रागवत होती. "कळत नाही का तुला? किती वेळा सांगायचं?" दोन वाक्यांच्या मधला थांबासुद्धा माझा होता. सकाळी पार्सल घेऊन आलेल्या मुलाला चुकीच्या मजल्यावर गेल्याबद्दल मी दारातच हे ऐकवलं होतं. तिच्याएवढ्या उंचीवरून कोणी बघतंय, याचं भान मला नव्हतं.

त्याचा नंबर फोनमध्ये होता. नात समोर नसती तर मी तो लावला असता का? हा प्रश्न मला अजून बोचतो, कारण तिच्यासाठी म्हणून गोड वागलो तर ती गोड वागण्याचा देखावाही उचलेल. ती झोपल्यावर मी फोन लावला. पलीकडे रहदारीचा आवाज होता. "काका, कुठलं पार्सल?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, पार्सल नाही, सकाळचं बोलायचंय. तो क्षणभर काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "थांबा, गाडी बाजूला घेतो."